नौकांवरील खाद्यपेयांचे शीतन (प्रशीतकाविना)

नौकेवर यांत्रिक प्रशीतक नसताना पिण्याचे पाणी, शिजविलेले व कच्चे अन्न आणि पकडलेली मासळी यांचे तापमान भोवतालच्या हवेच्या तापमानापेक्षा कमी ठेवण्याच्या निरनिराळ्या रीतींना हे नाव देता येईल. लहान शिडाच्या नौका, मचवे, होड्या आणि किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या बहुसंख्य यांत्रिक नौका यांवर प्रशीतन यंत्र बसविणे जागेच्या, विजेच्या व खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही. अशा नौकांवर थंडावा निर्माण होत नाही. तो किनाऱ्यावरून बर्फाच्या रूपात बरोबर न्यावा लागतो किंवा पाण्याच्या बाष्पीभवनातून थोडाफार मिळवावा लागतो. म्हणून येथे खरा प्रश्न थंड कसे करावे हा नसून बाहेरची उष्णता आत येण्यास किती विलंब लावता येईल, हा आहे. पुरेसा बर्फ घेऊन निघालेल्या नौकेचा बर्फ दुसऱ्याच दिवशी संपतो, तेव्हा बहुधा बर्फ कमी पडलेला नसतो, पेटी कमी पडलेली असते.

उष्णता वहन, संनयन व प्रारण या तीन प्रकारांनी थंड वस्तूकडे येते. पेटीच्या भिंतीतून ती वहनाने येते. झाकण उघडले म्हणजे आतील थंड हवा जाऊन तिच्या जागी उष्ण हवा येते हे संनयन. आणि उन्हात तापलेल्या पृष्ठभागाला उष्णता मिळते ती प्रारणाने. या तिन्ही वाटा अडविणे हे निरोधनाचे काम. आत शिरलेली उष्णता शोषून घेण्याचे काम मात्र एखाद्या पदार्थाच्या अवस्थांतरावर सोपवावे लागते. ०° से. तापमानाचा १ किग्रॅ. बर्फ वितळताना सु. ८० किलोकॅलरी (३३४ किलोजूल) उष्णता शोषून घेतो व तेवढा वेळ त्याचे तापमान बदलत नाही. १ किग्रॅ. पाण्याचे ३०° से.च्या आसपास बाष्पीभवन होताना सु. ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर बाष्पीभवन हे बर्फापेक्षा सात पटींनी फायदेशीर ठरावे. प्रत्यक्षात समुद्रावर नेमके उलटे घडते व त्याचे कारण हवेतील आर्द्रतेत आहे.

बाष्पीभवनाने शीतन : सच्छिद्र मातीच्या भांड्यातून पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते व तेथे त्याचे बाष्पीभवन होऊन भांडे आणि आतील पाणी थंड होते. ओले कापड गुंडाळलेली बाटली, जाड कापडाची छागल आणि ओल्या गोणपाटात ठेवलेली भाजी यांचे तत्त्व एकच आहे. या रीतीने गाठता येणाऱ्या तापमानाला निसर्गाने एक खालची मर्यादा घातलेली आहे. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळून त्यावरून वारा वाहू दिला असता जे तापमान मिळते त्याला आर्द्र तापमान म्हणतात. माठातील पाणी त्याच्या खाली जाऊ शकत नाही. नागपूरकडे मे महिन्यात हवेचे तापमान ४३° से. व सापेक्ष आर्द्रता २०% असेल, तर आर्द्र तापमान सु. २५° से. असते, म्हणजे माठातील पाणी हवेपेक्षा तब्बल अठरा अंशांपर्यंत थंड होऊ शकते. त्याच सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर हवा ३२° से. व सापेक्ष आर्द्रता ७५% असली, तर आर्द्र तापमान सु. २८° से. येते, म्हणजे फरक अवघा चार अंशांचा. विदर्भात ज्या माठाची कीर्ती, तोच माठ मालवणच्या होडीत ठेवला की निरुपयोगी वाटू लागतो. यात कुंभाराचा काही दोष नाही. नाईल नदीवरील नौकांत सच्छिद्र मातीच्या सुरया चांगले काम देतात, कारण तेथील हवा वाळवंटी व कोरडी असते.

वाऱ्यामुळे बाष्पीभवनाचा वेग वाढतो, पण ही मर्यादा बदलत नाही. डोलकाठीच्या सावलीत वाऱ्यावर टांगलेली छागल लवकर थंड होते. मात्र ती किती थंड होईल हे हवेचा कोरडेपणाच ठरवितो. हिवाळ्यात जमिनीकडून समुद्राकडे कोरडा वारा वाहतो त्या वेळी किनाऱ्यालगतच्या नौकांनाही या रीतीचा बरा उपयोग होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तो जवळजवळ नाहीसा होतो. कापड भिजविण्यासाठी गोडे पाणी खर्च करण्याचे कारण नाही. समुद्राच्या पाण्याचा बाष्पदाब गोड्या पाण्यापेक्षा केवळ सु. २ टक्क्यांनी कमी असतो; अडचण एवढीच, की कापडावर मीठ साचून ते कडक बनते व अधूनमधून खळबळून घ्यावे लागते.

एका कामी मात्र ओले गोणपाट दमट हवेतही फार मोलाचे ठरते. उघड्या डेकवर उन्हात ठेवलेल्या गडद रंगाच्या पेटीचे झाकण ५५° से. किंवा त्याहूनही जास्त तापू शकते. त्यावर गोणपाट पसरून ते ओले ठेवले, तर झाकणाचे तापमान बरेच खाली येते व सावली आणि वारा मिळाल्यास ते आर्द्र तापमानाजवळ म्हणजे २८–३०° से.पर्यंत उतरते. आत बर्फ असल्याने पेटीच्या आतबाहेरच्या तापमानांतील फरक अशा रीतीने जवळजवळ निम्मा होतो व झाकणातून येणारी उष्णताही त्याच प्रमाणात घटते. येथे ओले कापड थंडावा देत नाही, तर उन्हाचा मारा झेलते. पेटीला पांढरा रंग देणे आणि वर कापडी छत बांधणे यांनीही हाच हेतू बऱ्याच अंशी साध्य होतो.

समुद्राच्या पाण्याचा उपयोग : थंड प्रदेशांतील खलाशी खाद्यपेये नौकेच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखालील भागात ठेवीत आले आहेत. जेथे समुद्राचे पाणी १०–१५° से. असते तेथे नौकेचा तळ हेच एक नैसर्गिक तळघर असते. लोणी, चीज, बटाटे व पेये तेथे चांगली टिकतात. उष्ण कटिबंधात ही रीत उसनी आणून चालत नाही. कोकणालगतच्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान एप्रिल-मे महिन्यांत २८–३०° से. असते. तळातील जागा उन्हात तापत नाही व रात्रंदिवस एकाच तापमानाला राहते एवढाच तिचा लाभ. कांदे, बटाटे व डबाबंद पदार्थ यांना तो पुरतो, दूध व मासळी यांना नाही. बाटल्या दोरीला बांधून पाण्यात सोडण्याने भर दुपारी तापलेले पाणी समुद्राच्या तापमानापर्यंत येईल, पण थंड होणार नाही. खोल समुद्रातील पाणी थंड असते हे खरे. परंतु मुंबईसमोर भूखंड-मंच सु. ३०० किमी. रुंद व उथळ असल्याने त्या थंड पाण्यापर्यंत लहान नौका सहसा पोहोचतच नाही.

इतिहास : बर्फ व नौका यांचा संबंध भारतात यांत्रिक प्रशीतनाच्या पुष्कळ आधीचा आहे. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत बादशाहाच्या आबदारखान्याची माहिती देताना पाण्यात सोरा विरघळवून त्यात पाण्याची सुरई फिरविण्याची रीत वर्णिली आहे. सोरा विरघळताना उष्णता शोषली जाते व द्रावण थंड होते. १५८६ च्या सुमारास अकबराचा मुक्काम पंजाबात गेल्यावर उत्तरेकडील डोंगरांतून लाहोरला बर्फ येऊ लागला. त्याच्या वाहतुकीसाठी दहा नौका होत्या. प्रत्येकीवर चार नावाडी असत व त्यांपैकी एक नौका दररोज राजधानीत पोहोचेल अशी योजना होती. नौका, गाड्या व डोक्यावरून ओझे नेणारे हमाल या तिन्ही मार्गांपैकी जलमार्गाने आणलेल्या बर्फात व्यापाऱ्यांना सर्वांत जास्त नफा होई, असेही त्या ग्रंथात नमूद आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बॉस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तळी व सरोवरे यांवर हिवाळ्यात गोठणारा बर्फ कापून तो शिडाच्या जहाजांतून उष्ण देशांना पाठविण्याचा धंदा उभारला. १८०६ मध्ये त्याचा पहिला माल वेस्ट इंडीजमधील मार्तीनिक बेटाला गेला. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज सु. १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा त्यातील सु. १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबई व मद्रास येथेही हा बर्फ येऊ लागला व तो साठविण्यासाठी बर्फघरे बांधण्यात आली. मद्रासचे बर्फघर नंतर स्वामी विवेकानंदांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध झाले व ती इमारत आजही उभी आहे. मुंबईचे मात्र पाडण्यात आले. कृत्रिम बर्फाचे कारखाने निघाल्यावर १८८० च्या सुमारास हा व्यापार भारतात संपुष्टात आला.

या सफरीचे मर्म समजण्यासारखे आहे. चार महिन्यांच्या प्रवासात उष्ण कटिबंधातून जाऊनही निम्म्याहून जास्त बर्फ टिकला, त्यामागे कोणतेही यंत्र नव्हते. बर्फाचे ठोकळे एकसारख्या मापाचे कापून एकमेकांना घट्ट भिडवून रचलेले होते. त्यांच्याभोवती लाकडाचा भुसा, गवत यांसारख्या हवा कोंडून धरणाऱ्या पदार्थांचा थर होता. शिवाय बर्फाचा साठा फार मोठा होता. घनाची बाजू दुप्पट केली, तर आकारमान आठ पट होते, पण पृष्ठफळ चौपटच वाढते. साहजिकच प्रत्येक किलोग्रॅमच्या वाट्याला येणारी उष्णता निम्मी होते. हाच नियम लहान नौकेच्या विरुद्ध जातो. तिच्याजवळचा बर्फ थोडा व त्या मानाने त्याचे पृष्ठफळ फार असते. म्हणून लहान पेटीचे निरोधन मोठ्या जहाजापेक्षाही चांगले असावे लागते. व्यवहारात लहान पेट्याच सर्वांत पातळ भिंतींच्या असतात, हे दुर्दैव.

बर्फपेटी : पदार्थातून उष्णता किती सहजतेने जाते हे त्याच्या संवाहकतेवरून कळते. दर मीटर-अंशाला वॉटमध्ये ती पोलादाची सु. ५०, पाण्याची ०·६, लाकडाची सु. ०·१५, बुचाची ०·०४, फुगविलेल्या पॉलिस्टायरिनाची (बाजारातील थर्मोकोल) सु. ०·०३५ व पॉलियुरेथेन फेसाची सु. ०·०२५ असते. शेवटच्या तिन्ही पदार्थांत काम करते ती मुख्यत्वे त्यांच्या सूक्ष्म कोशिकांत कोंडलेली हवा वा वायू. भाताची तुसे, लाकडाचा भुसा व काथ्या हे कोकणात सहज मिळणारे पदार्थही कोरडे असेतोवर बऱ्यापैकी निरोधक असतात. ‘कोरडे असेतोवर’ ही अट महत्त्वाची आहे. कोंडलेल्या हवेच्या जागी पाणी शिरले की संवाहकता अनेक पटींनी वाढते. नौकेवर पाणी सर्वत्र असते, त्यामुळे निरोधक थर दोन्ही बाजूंनी जलाभेद्य आवरणात बंद करणे अटळ ठरते. झाकणाच्या कडेला पडलेली एक बारीक चीर वर्षभरात सबंध भिंत भिजवू शकते व बाहेरून पेटी जशीच्या तशी दिसत राहते.

एका उदाहरणाने प्रमाणाची कल्पना येईल. आतून ६० सेंमी. लांब, ४० सेंमी. रुंद व ४० सेंमी. उंच अशा पेटीचे पृष्ठफळ १·२८ चौ. मी. भरते. बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा २८ अंशांनी जास्त असेल, तर ५ सेंमी. जाडीच्या पॉलियुरेथेन भिंतींतून येणारी उष्णता दिवसाला सु. ४·६ किग्रॅ. बर्फ वितळविते. भिंती २·५ सेंमी. जाडीच्या असतील, तर ९ किग्रॅ.हून अधिक आणि १० सेंमी. जाडीच्या असतील, तर केवळ २·३ किग्रॅ. बर्फ लागतो. तेवढ्याच ५ सेंमी. जाडीच्या थर्मोकोलमधून सु. ६·५ किग्रॅ. बर्फ जातो. झाकणाच्या फटी, वारंवार उघडझाप व ऊन यांसाठी या आकड्यांत निम्म्याने भर घालणे शहाणपणाचे असते.

आता तीन दिवसांच्या फेरीचा हिशेब करता येतो. भिंतींतून येणाऱ्या उष्णतेसाठी १४ किग्रॅ., उघडझाप इत्यादींसाठी ७ किग्रॅ. आणि ३०° से. तापमानाची २० किग्रॅ. खाद्यपेये ४° से.पर्यंत आणण्यासाठी सु. ६ किग्रॅ. असा एकूण २७ किग्रॅ. बर्फ लागेल व तोच पेटीतील जवळजवळ ३० लिटर जागा अडवील. यांतील शेवटचे ६ किग्रॅ. पूर्णपणे वाचविता येतात. त्यासाठी पदार्थ किनाऱ्यावरच थंड करून घ्यावे लागतात. रिकामी पेटी आदल्या रात्री थोडा बर्फ घालून आतून थंड करून ठेवणेही हितावह असते, कारण भिंतींत साठलेली उष्णता पहिल्याच दिवशी बर्फ खाते. कोमट बाटल्या भरलेल्या पेटीत नंतर टाकणे ही सर्वांत महाग पडणारी सवय होय. १ लिटर पाणी ३०° से.वरून ५° से.वर आणण्यास सु. ३०० ग्रॅ. बर्फ खर्ची पडतो.

पेटी वरून उघडणारी असावी. थंड हवा जड असल्याने झाकण उचलले तरी ती बरीचशी आतच राहते. बाजूला दार असलेल्या कपाटातून मात्र ती पाण्यासारखी ओघळून जाते. पेये व अन्न यांच्या पेट्या वेगळ्या ठेवणे फार उपयुक्त असते, कारण उन्हाच्या दिवशी पाण्यासाठी पेटी वीस वेळा उघडली जाते व अन्नासाठी दोन वेळाच. बर्फाची लादी अखंड ठेवली, तर ती हळूहळू वितळते. फोडलेला बर्फ लवकर थंड करतो, पण लवकर संपतो. वितळलेल्या पाण्याविषयी मतभेद आढळतात. बाटल्या व डबे यांना ते पाणी उपकारकच असते, कारण ०° से.च्या जवळचे पाणी हवेपेक्षा कितीतरी चांगले शीतन करते. परंतु कच्ची मासळी, मांस किंवा उघडे अन्न यांना ते लागू देणे धोक्याचे असते. अन्नाच्या पेटीला खाली तोटी असावी व अन्न जाळीवर ठेवावे. उष्ण पेय वा दूध थोडा काळ राखण्यासाठी निर्वात बाटली (थर्मास) सोयीची असते. तिचे तत्त्व सर जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये सिद्ध केले.

मच्छीमारी नौका : प्रवासी नौकेवर बर्फ संपला, तर गैरसोय होते, मच्छीमारी नौकेवर तो संपला, तर उपजीविकेवर घाला येतो. मासा पाण्याबाहेर काढल्यापासून त्याच्या शरीरातील एंझाइमे व जंतू काम करू लागतात. ०° से.ला मासळी बिघडण्याचा वेग १ धरला, तर ५° से.ला तो सु. सव्वादोन पट व १०° से.ला सु. चौपट असतो. ३०° से.च्या हवेत डेकवर काही तास पडून राहिलेली मासळी नंतर कितीही बर्फात ठेवली, तरी गेलेले तास परत मिळत नाहीत.

हानी केवळ चव व भाव यांचीच होत नाही. बांगडा, कुपा (ट्यूना) यांसारख्या गडद मांसाच्या माशांत हिस्टिडीन हे ॲमिनो अम्ल पुष्कळ असते. मासळी उष्ण राहिली, तर काही जंतू त्याचे हिस्टामिनात रूपांतर करतात. असा मासा खाल्ल्यास चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे, उलट्या ही लक्षणे दिसतात. हिस्टामीन शिजविण्याने नष्ट होत नाही व मासा दिसायला-वासाला पुष्कळदा बरा असतो. बांगड्याच्या बाबतीत पहिल्या काही तासांतील बर्फ हाच एकमेव उपाय आहे.

गणिताने १ किग्रॅ. मासळी ३०° से.वरून ०° से.पर्यंत आणण्यास सु. ३०० ग्रॅ. बर्फ पुरतो. तरीही उष्ण कटिबंधात मासळीइतकाच बर्फ न्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. उरलेला बर्फ नौकेच्या भिंतींतून येणाऱ्या उष्णतेत खर्ची पडतो. ज्या नौकेच्या साठवण-कप्प्याला चांगले निरोधन आहे तिला हे प्रमाण कमी करता येते. जिच्या कप्प्याला केवळ फळ्या आहेत, तिला दुप्पट बर्फही अपुरा पडतो. यंत्राच्या खोलीला लागून असलेली कप्प्याची भिंत ही सर्वांत वाईट. तिचे निरोधन इतर भिंतींच्या दुप्पट जाडीचे असावे.

बर्फाच्या कारखान्यातून येणारी जड लादी बंदरातच यंत्राने फोडून नौकेत भरली जाते किंवा अखंड नेऊन लागेल तशी समुद्रात फोडली जाते. पहिल्या रीतीत काम सोपे होते, पण वाटेतच बर्फ घटतो. दुसरीत बर्फ टिकतो, पण रात्री जाळे ओढून थकलेल्या खलाशांना लादी फोडावी लागते व मग तुकडे मोठे राहतात. मोठे तुकडे दुहेरी नुकसान करतात. त्यांच्या कडांनी पापलेट, सुरमई यांसारख्या किमती माशांना व्रण पडतात आणि मासा व बर्फ यांमध्ये पोकळी राहिल्याने शीतन मंदावते. बारीक बर्फ माशाला सर्व बाजूंनी बिलगला पाहिजे. कप्प्याच्या तळाशी बर्फाचा जाड थर, त्यावर माशांचा पातळ थर, पुन्हा बर्फ, कडेने व सर्वांत वर बर्फ अशी रचना करतात. थर फार उंच झाला, तर खालची मासळी दबते. त्यासाठी मध्ये फळ्यांचे खण करतात किंवा मासळी खोक्यांत भरतात. वितळलेले पाणी माशांवरून झिरपत खाली जाते, त्या वाटेत ते शीतनही करते व रक्त आणि बुळबुळीतपणाही धुऊन नेते. मात्र तळाशी ते साचू न देता उपसून टाकावे लागते. लहान मासे मोठ्या प्रमाणावर आले असता समुद्राचे पाणी व बर्फ यांच्या मिश्रणात ते बुडविण्याची रीतही प्रचलित आहे. अशा मिश्रणाचे तापमान ०° से.च्याही किंचित खाली जाते व शीतन फार झपाट्याने होते. त्यात आणखी मीठ घालण्याचा मोह टाळावा, कारण मासा अंशतः गोठून त्याचा पोत बिघडतो व मांसात मीठ शिरते.

कोची येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रविज्ञान संस्थेने पारंपरिक नौकांवर ठेवता येतील अशा निरोधक पेट्यांवर काम केले आहे. लहान होडीवर निश्चित कप्पा नसल्याने सुटी पेटी हाच व्यवहार्य मार्ग असतो. ती जागा अडविते व रिकामी असतानाही तिचे वजन वाहावे लागते, ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही. पण पेटी नसलेल्या होडीला मासळी मिळाल्यावर तासाभरात किनारा गाठावा लागतो व समोर येईल त्या व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावात माल द्यावा लागतो. बर्फ असलेला तांडेल दुसऱ्या बंदराचा भाव विचारू शकतो. ससून डॉक, हर्णे किंवा मिरकरवाडा यांसारख्या बंदरांत सकाळच्या लिलावात दोन टोपल्यांतील मासळी एकाच जातीची असून तिच्या भावात जो फरक पडतो, त्याचे कारण पुष्कळदा आदल्या रात्रीच्या बर्फात सापडते. अनेक दिवसांच्या फेऱ्या करणाऱ्या ट्रॉलरांची फेरी किती लांबवायची हे डिझेल व बर्फ या दोन साठ्यांपैकी जो आधी संपेल तो ठरवितो. फेरीच्या पहिल्या दिवशी धरलेली मासळी शेवटच्या दिवशीच्या मासळीबरोबर उतरविली जाते. म्हणून कप्प्यात दिवसवार वेगवेगळे खण ठेवणे योग्य.

सर्वच मासळी बर्फावर अवलंबून नसते. बोंबलाच्या अंगात पाण्याचे प्रमाण सु. ९०% असल्याने तो अत्यंत मऊ व नाजूक असतो आणि बर्फातही फार काळ धरत नाही. मुंबई व आसपासच्या कोळ्यांनी तो बांबूंच्या मांडवांवर वाळविण्याची जी प्रथा पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती शीतनाला दिलेले सर्वांत जुने व अद्याप न हरलेले उत्तर म्हणता येईल.

शीतनाविना चालणारे अन्न : बर्फ मर्यादित असला म्हणजे काय थंड ठेवायचे नाही हे आधी ठरवावे लागते. कांदे, बटाटे, कोबी, भोपळा, लिंबे, नारळ, न धुतलेली ताजी अंडी, लोणची, कोकम, सुकट आणि डबाबंद पदार्थ यांना सावली व खेळती हवा पुरते. कांदे-बटाटे बंद डब्यांत न ठेवता जाळीत टांगावे. शिजविलेल्या भाताविषयी विशेष सावधगिरी हवी. त्यात काही जंतूंची बीजुके शिजविल्यानंतरही जिवंत राहतात आणि भात उष्ण हवेत अनेक तास राहिला, तर वाढून विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. नौकेवर थोडा भात दोनदा रांधणे हे एकदाच भरपूर रांधून ठेवण्यापेक्षा बरे. [→ अन्नपरिरक्षण, प्रशीतन].

शुष्क बर्फ व बंद कप्प्यांतील धोके : गोठविलेला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणजे शुष्क बर्फ −७८·५° से. तापमानाला द्रवरूप न होता सरळ वायुरूप होतो व वजनाच्या मानाने साध्या बर्फापेक्षा जास्त उष्णता शोषतो. साध्या बर्फावर ठेवलेला शुष्क बर्फ त्याचे आयुष्य वाढवितो, परंतु नौकेवर तो जपून वापरावा लागतो. त्याच्या स्पर्शाने कातडी भाजल्यासारखी होते. हवाबंद पेटी वायूच्या दाबाने फुटू शकते. आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खालच्या खोलीत साचून झोपलेल्या माणसांना गुदमरवू शकतो. ज्या खोलीत माणसे झोपतात तेथे तो कधीही ठेवू नये.

मासळीच्या कप्प्यातही असाच अदृश्य धोका असतो. बर्फ संपलेला व मासळी कुजू लागलेला कप्पा बंद राहिला, तर आतील ऑक्सिजन घटतो व हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. या वायूचा कुजक्या अंड्यांसारखा वास प्रमाण वाढल्यावर जाणवेनासा होतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजता येत नाही. आत उतरलेला खलाशी कोसळल्यावर त्याला काढण्यासाठी दुसरा व तिसरा उतरून बळी पडतो, असे घडते. कप्प्याचे झाकण पुरेसा वेळ उघडे ठेवून, शक्य असल्यास पंख्याने हवा खेळवूनच आत उतरावे; उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि त्या दोराचे दुसरे टोक धरणारा माणूस वर राहावा. फेरी संपल्यावर कप्पा खरवडून, स्वच्छ पाण्याने धुऊन व झाकण काढून वाळू देतात आणि नवा बर्फ त्यानंतरच भरतात.